अर्ध्या भागाचे श्रोते

गुरुवारी सकाळी आठ वाजता माझ्या एका हातात घंटा होती आणि नजर गॅसवरच्या दुधावर. देवघर स्वयंपाकघरातच असल्यामुळे आमच्याकडे देवाला आणि दुधाला एकाच वेळी सांभाळावं लागतं. हे अंघोळीला गेले होते, डब्याची मेथी अजून निवडायची होती, आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस खेड्यातून आलेला असतो, हे जुन्या जालन्यात वीस वर्षं काढल्यावर मला कळलेलं आहे. घंटा ठेवली, गॅस बारीक केला, दार उघडलं.

दारात दोघे जण. पुढचा पन्नाशीचा, पांढरा सदरा, टोपी, कपाळाला बुक्का. मागच्याच्या हातात ताट, ताटावर रुमाल, आणि रुमालाखालून डोकावणारी नारळाची शेंडी व शालीचा काठ. पुढच्यानं हात जोडून विचारलं, "रामकिसन महाराजांचं घर हेच का?"

मी म्हणाले, रामकिसन समोर राहतात, पण ते महाराज नाहीत. त्यांचं खाली गाद्यांचं दुकान आहे.

"तेच की," तो म्हणाला. "मोबाइलवर प्रवचन करतेत ते. आम्ही वडीगोद्रीहून आलो. सप्ताहाचं निमंत्रण द्यायचं हाय."

माझ्या मागे दूध उतू गेलं. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण मला एका क्षणात सगळं कळलं होतं. रामकिसनभाऊ मोबाइलवर प्रवचन करत नाहीत. ते चार वर्षांपासून एक पॉडकास्ट चालवतात, त्याचं नाव 'कशावरून?', आणि त्याचं म्हणणं असं की देव नाही आणि त्यावाचून माणसाचं बरं चालू शकतं. हा माणूस वडीगोद्रीत महाराज कसा झाला, हे अख्ख्या जालन्यात दोनच बायकांना ठाऊक होतं. त्यातली एक दारात उभी होती आणि तिला करपलेल्या दुधाचा वास येत होता.

मी दोघांना खुर्च्यांवर बसवलं, चहा टाकते म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत काय करता येईल याचा विचार करू लागले. काहीच सुचलं नाही.

रामकिसनभाऊ म्हणजे चोपन्न वर्षांचे, उंच, जरा वाकलेले गृहस्थ. केसांत, भुवयांत आणि कानांच्या लवेत कायम कापूस, त्यामुळे आहेत त्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे दिसतात. आमच्या गल्लीत धान्याची आणि कापडाची ठोक दुकानं, त्यांच्यामध्ये यांची एक लांबोडकी खोली. मागे कापूस पिंजायचं यंत्र, पुढे शिलाई, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत गाद्या आणि रजया. जालन्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात यांच्या गादीवर झालेली आहे, असं ते स्वतः सांगतात आणि मग कौसल्यावहिनी त्यांच्याकडे रागानं बघतात.

देवावरचा विश्वास कशानं उडाला, असं श्रोते फार विचारतात. लोकांना वाटतं काहीतरी मोठं दुःख घडलं असेल. तसं काही नाही. नऊ वर्षांचे असताना कुणीतरी त्यांना सांगितलं, खोटं बोललं की जिभेवर काळा डाग पडतो. हे एक अख्खा दिवस ठरवून खोटं बोलले आणि दर तासाला आरशात जीभ बघत राहिले. संध्याकाळी आईनं झोडपलं, ते खोट्यासाठी नव्हे, घरातला एकुलता एक आरसा शेतात नेला म्हणून. तेव्हापासून त्यांना जे कुणी काही सांगेल त्यावर ते एकच शब्द विचारतात. पुढे तोच पॉडकास्टचं नाव झाला. एका नावात दोन-दोन देव घेऊन कसे फिरता, असं कुणी डिवचलं तर म्हणतात, "ते आईनं ठेवलं. तिची वस्तू हाय, मी फक्त वापरून राह्यलो."

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी लग्नं थांबली, तशा गाद्याही थांबल्या. दुकानात बसून बसून भाऊ कौसल्यावहिनींना गोष्टी सांगायचे, त्या कंटाळल्या आणि म्हणाल्या, माझ्याऐवजी फोनला सांगा. त्यांनी खरंच फोनला सांगितलं. पहिल्या भागाला नऊ श्रोते होते, त्यात एक वहिनी, एक मी आणि दोन वेळा ते स्वतः. आता एका भागाला अकरा हजार असतात. लातूरची माणसं आहेत, नागपूरची आहेत, दुबईतला एक वायरमन आहे. पुण्याच्या एकानं विचारलं होतं, आवाज इतका स्वच्छ येतो, कोणता स्टुडिओ? भाऊंनी मला उत्तर लिहायला लावलं की स्टुडिओ नाही, लग्नसराईच्या गाद्या आहेत. दुपारी एक ते तीन यंत्र बंद असतं, तेव्हा शटर अर्धं ओढून ते दोन ढिगांमध्ये बसतात आणि डोक्यावर रजई घेतात. मे महिन्यात रेकॉर्डिंग करून बाहेर आले की वहिनी त्यांना आधी लिंबूपाणी देतात आणि मग ओळखतात.

ब्लॉगचं काम माझ्याकडे कसं आलं तेही सांगते. भाऊंचं बोलणं सोन्यासारखं, पण लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घाचा बाजार. मी मराठी घेऊन बी. ए. केलेलं. बुधवारी भाग टाकला की गुरुवारी मी तो ऐकत ऐकत लिहून काढते, फोडणी आणि डब्याच्या मधल्या वेळात. कमेंट मंजूर करण्याचं कामही माझंच. शिव्या भरपूर येतात. भाऊ म्हणाले होते, शिव्या काढू नका वहिनी, लोकांना बोलू द्या. मी एक नियम केला, शिवी शुद्ध लिहिलेली असेल तरच मंजूर. त्यामुळे आमच्या ब्लॉगवर शिव्या फार थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या वाचण्यासारख्या आहेत. मी स्वतः देव मानते. भाऊंना हे माहीत आहे. त्यांचं म्हणणं, शुद्धलेखन बराबर असलं की झालं.

श्रोत्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुपही झाला, चारशे माणसांचा. नियम एक, शिवीगाळ नाही. नियम दोन, पुरावा स्वतः तपासल्याशिवाय काही टाकायचं नाही. आता देव न मानणारी माणसं एकत्र आली म्हणजे भांडणं मिटली असं मला वाटायचं. पहिलं भांडण झालं ते एकमेकांना 'राम राम' म्हणावं की नाही यावर. दुसरं, शेजाऱ्याच्या पूजेतला शिरा खावा का. त्यावर मतदान घेतलं आणि शिऱ्याला प्रचंड बहुमत मिळालं. शेजारचे कापडवाले हुकमचंद शेठ ग्रुपात केवळ वाद घालायला आले. त्यांचं रोज एकच, आमच्या जैन धर्मात जग बनवणारा कुणी नाहीच, तुम्ही चार वर्षं खपून नवीन काय काढलं. पर्युषणात मात्र ग्रुप म्यूट ठेवतात. एकदा सगळ्यांनी भेटायचं ठरलं, तर तारखेवरून अडलं, कारण अमावास्येला बायको घराबाहेर पडू देत नाही असं तिघांनी कळवलं. शेवटी भेट झाली, भाऊंच्या दुकानात, नव्या गाद्यांवर. विषय होता 'विवेक आणि आपण'. साडेबारापर्यंत चौदा जण झोपले होते.

या सगळ्या वाढीमागे भाऊंची सांगण्याची रीत आहे. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली सांगता आली तरच ती खोडायचा हक्क, असं ते मानतात. म्हणून प्रत्येक भागाच्या पहिल्या पंचवीस मिनिटांत ते व्रताची, देवस्थानाची, चमत्काराची गोष्ट सांगतात, आणि अशी सांगतात की माझ्या अंगावर काटा येतो. या गोष्टी त्यांना आईनं कापूस वेचताना सांगितलेल्या. आवाजाचा तो चढ-उतारही तिचाच. मग थांबतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "इथपर्यंत गोष्ट. आता कशावरून?" त्यापुढची पंचवीस मिनिटं त्या गोष्टीची शिवण उसवण्यात जातात.

आणि वाद फार वाढला, कुणी म्हणालं की भाविक माणसाशी असं बोलताच येत नाही, की भाऊ त्यांचा हुकमाचा पुरावा काढत. ते म्हणत, माझी आई झुंबरबाई, वय अठ्ठ्याहत्तर, वडीगोद्रीला धाकट्या भावाकडे राहते, रोज पूजा करते, आणि माझा प्रत्येक भाग ऐकते. तीन वर्षं झाली, एकदाही रागावली नाही. उलट म्हणते, पुढचा जल्दी पाठव. हे ते अठरा भागांत बोललेले आहेत. मी मोजलं, कारण लिहून मीच काढलं. सांगलीच्या एका मुलानं ब्लॉगवर लिहिलं होतं, तुमच्या आईमुळे मी हिंमत करून माझ्या आईशी बोललो. ती कमेंट भाऊंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती.

आता माझी आणि कौसल्यावहिनींची करणी.

तीन वर्षांपूर्वी भाऊ म्हणाले, आईच्या फोनवर भाग पाठवत जा. हे काम त्यांनी वहिनींना सांगितलं आणि वहिनी रडकुंडीला येऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "वंदनाताई, मुलगा देव मानीना झाला तर मुलाला कोणी विचारत न्हाई. सुनेनं काय खाऊ घातलं ते विचारतेत." हे खोडून काढणं मला शक्य नव्हतं, मीही सूनच आहे. मग आम्ही तोडगा काढला. भाग जिथं 'आता कशावरून?' पर्यंत येतो, त्याच्या अलीकडे मी तो कापायचा आणि पहिला अर्धा वहिनींनी सासूबाईंना पाठवायचा. पण कापलेली गोष्ट एकदम तुटल्यासारखी वाटे. म्हणून शेवटी मी माझ्या देवघरातली घंटा तीनदा वाजवून जोडू लागले. छान समाप्ती झाल्यासारखं वाटायचं. मला त्यात गंमतही वाटत होती, हे कबूल करते.

झुंबरबाईंनी तो अर्धा भाग शेजारणीला पाठवला, शेजारणीनं मामाला, मामानं भजनी मंडळाला. अंबड तालुक्यात भाऊंचे किती श्रोते झाले याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

तर पाहुण्यांना चहा देऊन मी आधी समोर पळाले. कौसल्यावहिनींना सांगितलं. त्यांनी पीठ मळता मळता ऐकलं, हात तसाच पिठात राहिला, आणि म्हणाल्या, आज संकष्टी आहे, आजच व्हायचं होतं का. मग आम्ही दोघी आणि ते दोघे असे चौघे जण दुकानात गेलो.

यंत्र चालू होतं. पुढचा पाहुणा, त्याचं नाव भागवत, सप्ताह कमिटीचा प्रमुख, त्यानं यंत्राच्या घरघरीवर ओरडून सांगितलं की महाराज, पुढच्या शनिवारपासून आपल्याकडे सप्ताह आहे, रोज दुपारी चार ते पाच प्रवचन, मंगळवार तुम्हाला ठेवलाय, झुंबरमावशीनं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय की माझा रामकिसन येणार. आणि तो वाकून भाऊंच्या पाया पडला. भाऊ उडी मारून मागे सरले आणि रजयांच्या ढिगात बसले.

यंत्र बंद केलं. भाऊंना वाटलं, गावकऱ्यांनी सगळं ऐकूनच बोलावलंय. त्यांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. ते म्हणाले, यायला तयार आहे, पण एक विचारतो, मी देव मानत न्हाई हे तुम्हाला चालतं ना.

भागवत आधी हसला. मग हसायचा थांबला. त्याच्या सोबत्यानं ताट हळूच गादीवर टेकवलं. पुढं भागवत जे बोलला ते माझ्या अजून डोक्यातून जात नाही. त्यानं विचारलं, "हे मावशीला माहीत हाय का?"

"बिलकुल माहीत हाय. तीन वर्ष ऐकून राह्यली."

भागवतनं खिशातून फोन काढला, मावशीकडून आलेला भाग लावला आणि गादीवर ठेवला.

तो मागच्या आठवड्याचा भाग होता. एका सुनेनं देवीच्या नैवेद्याची भाजी केली आणि मीठ पुरेसं आहे का म्हणून नैवेद्याआधीच चाखली. देवी कोपली. तिचा नवरा बैलगाडी घेऊन नदी ओलांडत होता, ती गाडी पात्रात रुतली, सात दिवस हलेना. मग सुनेनं चूक कबूल केली, अजिबात न चाखता स्वयंपाक करून पाच सवाष्णी जेवू घातल्या, आणि आठव्या दिवशी गाडी आपोआप काठाला लागली. भाऊंचाच आवाज, भाऊंचीच गोष्ट. भाऊ स्वतः मान डोलावत ऐकत होते. गाडी काठाला लागली, भाऊंनी फोनकडे बोट केलं, म्हणजे आता बघा पुढं. आणि फोनमधून तीनदा घंटा वाजली.

कापसाचे तंतू तेवढे हवेत तरंगत होते.

भाऊ फोनकडे बघत राहिले. समोरच्या दारातून ती घंटा त्यांनी वीस वर्षं रोज सकाळी ऐकलेली आहे. त्यांनी मान वर केली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "वहिनी, ही घंटा तुमची न्हाई का?"

मी हो म्हणाले. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. कौसल्यावहिनींनी मात्र सगळं सांगितलं, कोण, कधीपासून, कशासाठी, एका दमात, आणि शेवटी पदर डोळ्यांना लावला. भाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. ते भागवतकडे वळून म्हणाले की मी देव मानत न्हाई, हे तुम्हाला आत्ता सांगितलंच, आणि आलो तर पूर्णच सांगणार, अर्धं न्हाई. पण त्याआधी आईशी बोललं पाहिजे.

भागवत मला आवडला. तो चिडला नाही. म्हणाला, "मावशीनं शब्द दिलाय, तर मावशीच सांगल. रविवारपर्यंत थांबतो. तिची मान खाली गेली न्हाई पाहिजे, एवढं बघा." नारळ आणि शाल घेऊन दोघे निघाले. जाताना एक सिंगल गादी बघून गेले.

त्या दुपारी भाऊंनी रेकॉर्डिंग केलं नाही. मला बोलावलं आणि ब्लॉगसाठी चार ओळी सांगितल्या. "मी अठरा वेळा सांगितलं की माझी आई माझे भाग ऐकते. ती अर्धे ऐकते. पुरावा म्हणून मी दिलेली ही गोष्ट मी स्वतः तपासली नव्हती. ती मागे घेतो." मी विचारलं, खाली आमची नावं घालू का. ते म्हणाले, "न्हाई. तपासायचं काम माझं होतं." मी ते टाकलं. ग्रुपवर हुकमचंद शेठनं लिहिलं, नियम क्रमांक दोन, आणि खाली हात जोडलेलं चित्र. सांगलीच्या मुलानं काहीच लिहिलं नाही. भाऊ त्याच्या नावाकडे दिवसभर बघत होते.

शुक्रवारी, शनिवारी भाऊंनी गाद्या भरल्या आणि तोंड मिटून ठेवलं. त्यांना काय खात होतं ते मला दिसत होतं. अकरा हजार माणसं त्यांचं ऐकत होती, पण ज्या एका माणसाच्या ऐकण्याचा त्यांना अभिमान होता, तिनं त्यांचं म्हणणं कधी ऐकलंच नव्हतं. आणि आता ते सांगायला गेलं तर गावात तिनं मिरवलेलं सगळं उतरणार होतं.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं वडीगोद्रीला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घंटा माझी होती.

झुंबरबाईंच्या अंगणात पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि तिथं पंधरा-वीस बायका गोल बसलेल्या. मध्ये एक रिकामं पातेलं, पातेल्यात फोन उभा केलेला, म्हणजे आवाज मोठा येतो. पातेल्यातून भाऊ बोलत होते. नवा भाग वहिनींनी पाठवलाच नव्हता, म्हणून मागचाच लावलेला, गाडी नदीत रुतत होती. झुंबरबाई बारक्या अंगाच्या, हातात सुपारी, त्यांनी मुलाला पाहिलं आणि हातानंच बस म्हणून खूण केली. भाऊ दाराजवळ चपला काढून बसले आणि स्वतःचा आवाज पातेल्यातून ऐकू लागले. घंटा वाजली. मी खाली बघितलं.

मला वाटलं आता बायका उठतील. कुणी उठलं नाही. एक जण म्हणाली, भाजी आळणी निघाली असती तर त्याच नवऱ्यानं ताट सरकवलं असतं. दुसरी म्हणाली, न चाखता केलेलं पाच सवाष्णींनी खाल्लं, त्यातली एक तरी बोलली असेलच मीठ कमी म्हणून. मग हशा. मग एकीनं विचारलं की चाखलं बाईनं आणि पाण्यात अडकला गडी, हा कुठला न्याय. त्यावर जी भांडणं लागली ती अर्धा तास चालली. मला नंतर कळलं, दर रविवारी असंच चालतं. घंटा वाजली की यांची सभा सुरू होते.

भाऊंचं तोंड उघडंच राहिलं होतं.

बायका जरा पांगल्यावर ते आईजवळ सरकले आणि सांगून टाकलं. की तुला येतं ते अर्धं येतं. पुढच्या अर्ध्यात मी म्हणतो की हे खरं न्हाई. की मी देव मानत न्हाई. कौसल्यावहिनी पुढं होऊन म्हणाल्या, कापायचं मी सांगितलं, त्यांना ठाऊक नव्हतं. मीही हात वर केला, शाळेत करतात तसा.

झुंबरबाईंना हे माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली नाही, हातातच फिरवत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मी तुला बोलले असते?" लगेच स्वतःच प्रामाणिकपणे म्हणाल्या, "बोलले असते म्हणा."

मग त्यांनी मुलाला प्रवचनाचं विचारलं. भाऊ म्हणाले, तू म्हणशील तसं, पण खोटं बोलणार न्हाई.

"तू देव मानत न्हाईस तर त्यांच्या मांडवात तुझं काम काय," झुंबरबाई म्हणाल्या. "भागवतला मी सांगते. पोरगा देव मानत न्हाई म्हणून येत न्हाई. लोकांच्या पोरांच्या कायकाय भानगडी असतेत, माझ्याची ही हाय." आणि तिथल्या तिथे नातीकडून फोन लावून घेऊन त्यांनी भागवतला तसंच सांगितलंही. आवाज जराही खाली केला नाही. शेजारच्या अंगणातल्या दोघी काम सोडून ऐकत होत्या, त्यांच्याकडे बघूनच त्या बोलत होत्या. मान खाली जायची सोडा, मला तर ती जरा वरच गेल्यासारखी वाटली.

भाऊंचा जीव भांड्यात पडला. आता त्यांना उत्साह आला. त्यांनी आईला पुढचं अर्धं तोंडीच सांगायला सुरुवात केली. गाडी का रुतली असेल, नदीच्या तळाची वाळू कशी असते, वरच्या अंगाला पाऊस होऊन पाणी वाढलं की चाक कसं धसतं, आठव्या दिवशी पाणी ओसरलं की ते आपोआप कसं सुटतं. मीठ आणि चाक यांचा संबंध कशावरून? त्यांनी हात पसरला, जसा ते रजईखाली पसरत असणार.

झुंबरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि बैल?"

"बैलाचं काय?"

"सात दिवस पाण्यात उभे होते ना. जू मानेवर. वैरण कोणी घातली? गडी तर गाडीत बसलेला. मुक्या जनावरानं ना मीठ चाखलं, ना काही. त्याला कशाची शिक्षा?"

भाऊंचा पसरलेला हात खाली आला. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहिलं. वाळूचा, पाण्याचा, पावसाचा त्यांनी विचार केला होता. बैल त्यांच्या पंचवीस मिनिटांत कुठेच नव्हते. झुंबरबाई म्हणाल्या, आमच्यात मागच्या रविवारीच हे निघालं होतं, दोन बायकांनी त्या देवीला नैवेद्य दाखवायचा बंद केला, बाकीच्यांनी चालू ठेवलाय, पण आता बैलांसाठी एक घास बाजूला काढतात.

"म्हंजे तुझं पण अर्धंच हाय," त्या म्हणाल्या.

अंगणाच्या कडेला राहिलेल्या बायका इतक्या हसल्या की कौसल्यावहिनीही हसल्या, डोळे पुसत. भाऊही हसले. मी म्हणाले, मावशी, आता पुढच्या बुधवारपासून पूर्ण भाग येईल, घंटा नसेल. तर झुंबरबाई म्हणाल्या, कशाला? गोष्ट संपली की आमचं आम्ही बघतो. त्यातच आमचा वेळ जातो, रामकिसनचं ऐकत बसलो तर आम्ही कधी बोलायचं? येतं तसंच येऊ द्या. घंटा चांगली हाय.

आणि त्या चहाला उठल्या.

भाऊ उठले नाहीत. पातेल्यातला फोन त्यांनी बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि आईच्या हातात दिला. तो देताना हात तसाच धरून ठेवला.

"आई," ते म्हणाले, "एक भाग. एकदाच. शेवटपर्यंत ऐक."